लेक होबार्टला, मी ठाण्यात: ऑरोरासाठी नेमका कोणता आकडा बघायचा?

तलावपाळी_५८ · मंगळवार, दुपारी १:४०

नमस्कार मंडळी. इथे पहिल्यांदाच लिहितेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी चरईत राहते. सहकारी बँकेच्या क्लिअरिंग खात्यात एकतीस वर्षं काढून निवृत्त झाले. धाकटी लेक टास्मानियात, होबार्टला शिकायला आहे आणि तिथे गेल्यापासून तिच्या डोक्यात एकच खूळ आहे: दक्षिणेकडचा ऑरोरा, म्हणजे ध्रुवाकडच्या आकाशात रात्री दिसणारा रंगीत उजेड, बघायचा. शहरात उजेड असतो म्हणून ती आणि तिची नेपाळी रूममेट साउथ आर्म नावाच्या टोकाकडे जातात, पाऊण तासाचा रस्ता. समोर दक्षिणेला नुसता समुद्र. पण तिथे रेंज जेमतेम, फोन लागतो पण आलेख काही उघडत नाहीत. शिवाय दिवसभर लेक्चरं आणि संध्याकाळी कॅफेतलं काम, आकडे बघत बसायला तिला वेळ नाही. म्हणून ते खातं माझ्याकडे आलंय. "आई, तू तर घरीच असतेस." (घरीच असणाऱ्या बाईला किती कामं असतात यावर वेगळा धागा काढावा लागेल.)

तर गेल्या महिन्यातली माझी फजिती सांगते. अमेरिकेच्या नोआ या हवामान संस्थेच्या पानावर तीन दिवसांच्या अंदाजाचं कोष्टक असतं, त्यात "१८-२१ युटी" या ओळीत केपी ६ होता. मी लेकीला कळवलं, संध्याकाळी सहा ते नऊ, गाडी काढा. पोरी चार अंशांत, वाऱ्यात, थर्मास घेऊन तीन तास उभ्या राहिल्या. काही नाही. परत येऊन झोपल्या. सकाळी उठून बघतात तर लोकांनी पहाटे साडेचारच्या सुमाराचे फोटो टाकलेले, लालभडक खांबच्या खांब! ते युटी म्हणजे जागतिक वेळ हे मला माहीतच नव्हतं. मला वाटलं असेल कशाचं तरी एकक. जन्मभर चेकवरच्या तारखा भिंगातून तपासल्या आणि इथे साधी वेळ वाचता आली नाही. लेक काही बोलली नाही, पण दोन दिवस व्हॉट्सॲपवर नुसते अंगठे पाठवत होती.

आता या गुरुवार-शुक्रवारसाठी पुन्हा अंदाज आलाय. जी-२ दर्जाचं चुंबकीय वादळ म्हणतायत. शुक्रवारी आमच्याकडे सासूबाईंची अविधवा नवमी, घरात पंधरा पानं. म्हणजे मला दिवसभर फोनकडे टक लावून बसता येणार नाही. केपी, बीझेड, वेग, घनता असे किती तरी आकडे दिसतात. एकच बघायचा तर कोणता? आणि लेकीला "नीघ" म्हणायचं कधी? आमचे हे म्हणतात की रंगबिंग काही नसतात, सगळी कॅमेऱ्याची बनवाबनवी. तेही खरं की खोटं सांगा, म्हणजे घरातला वाद मिटेल.

---

येऊर_रायडर · मंगळवार, दुपारी २:०५

काकू, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फॉरवर्ड आलाय की शुक्रवारी ठाण्यातूनपण दिसणार. आम्ही चौघं बाइक काढून येऊरला जायच्या बेतात होतो. नाही दिसणार का?

---

खारघर_दुर्बीण · मंगळवार, रात्री ९:३०

येऊरचं नंतर बोलतो. आधी मावशींचं.

केपी विसरा. म्हणजे अगदी टाकून देऊ नका, पण त्यावर लेकीला घराबाहेर काढू नका. तुम्ही बँकेतल्या म्हणून तुमच्याच भाषेत सांगतो: केपी म्हणजे पासबुक. तीन तासांत जगभरच्या चुंबकीय वेधशाळांमध्ये काय हालचाल झाली त्याची गोळाबेरीज, ० ते ९ या पट्टीवर. ५ झाला की जी-१, ६ म्हणजे जी-२, असं करत ९ ला जी-५. व्यवहार होऊन गेला की एन्ट्री पडते. आणि तीन दिवसांच्या कोष्टकात दिसतो तो तर अंदाज, म्हणजे पुढच्या तारखेचा चेक. वटेल किंवा परत येईल.

काउंटरवर आत्ता कोण उभं आहे ते सांगतो तो बीझेड. सूर्याकडून येणारा सौरवारा स्वतःबरोबर चुंबकक्षेत्र घेऊन येतो. त्या क्षेत्राचा उत्तर-दक्षिण भाग म्हणजे बीझेड, मोजायचं एकक नॅनोटेस्ला. तो अधिक असला, म्हणजे उत्तरेकडे तोंड करून असला, तर वारा कितीही सोसाट्याचा असो, पृथ्वीचं चुंबकक्षेत्र आतून कडी लावून बसतं. उणे झाला की दोन्ही क्षेत्रं एकमेकांना जोडली जातात आणि ऊर्जा आत शिरते. जी-३ चा अंदाज असताना बीझेड रात्रभर अधिक राहिला आणि लोक हात हलवत घरी गेले, असं पुष्कळदा होतं. सूर्यावरून निघालेला वायूचा लोट आपल्याला निघताना दिसतो, त्याचा वेग कळतो, साधारण कधी पोचेल तेही कळतं. पण त्याच्या पोटातलं क्षेत्र कुठे तोंड करून आहे हे तो एल-१ बिंदूवरच्या यानांपर्यंत पोचल्याशिवाय कळत नाही. अंदाज चुकतात ते इथेच.

हा एल-१ पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेला १५ लाख किलोमीटरवर. आपलं आदित्य-एल१ही जानेवारी २०२४ पासून तिथेच घिरट्या घालतंय. नोआच्या ताज्या सौरवाऱ्याच्या आलेखात दिसणारे आकडे तिथले असतात. आता तुमचं त्रैराशिक: वारा सेकंदाला ५०० किलोमीटरनं येत असेल तर १५ लाखांना ३००० सेकंद, म्हणजे ५० मिनिटं. ७०० नं येत असेल तर ३५-३६ मिनिटं. आलेखात बीझेड खाली गेल्यावर इतक्या वेळानं तो माल पृथ्वीवर उतरतो. लेकीचा रस्ता पाऊण तासाचा. हिशेब अगदी काठावर बसतो, पण बसतो.

मी असतो तर असं केलं असतं. बीझेड उणे १० च्या आसपास गेला की लगेच उडी मारायची नाही. तो दोन मिनिटांसाठी डोकं खाली घालून परत वर येतो, फार लहरी आकडा. दहा मिनिटं थांबायचं. तिथेच टिकला आणि वेग ५०० च्या वर असला तर फोन करायचा. घनता वगैरे मला विचाराल तर नवमीच्या दिवशी सोडून द्या.

वेळेचं एकदाच लिहून फ्रिजवर लावा. युटीत साडेपाच तास मिळवले की आपली वेळ, दहा तास मिळवले की सध्याची होबार्टची. ०९-१२ युटी म्हणजे आपल्याकडे दुपारी २:३० ते ५:३०, होबार्टला रात्री ७ ते १०. त्यापुढची १२-१५ ची ओळ म्हणजे आपल्याकडे रात्री ८:३० पर्यंत आणि तिथे १ पर्यंत. म्हणजे तुमची ड्यूटी दुपारी तीनपासून. पानं उठलेली असतील तोवर.

आणि एक गंमत. पितृपक्षात नवीन काही करू नये म्हणतात, पण यासाठी याहून चांगला पक्ष नाही. वद्य पक्ष असल्यामुळे चंद्र उशिरा उगवतो, संध्याकाळ अंधारी मिळते. शिवाय बहुतेक वर्षी तो सप्टेंबरच्या विषुवदिनाच्या अलीकडे-पलीकडे पडतो. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांच्या आसपास पृथ्वीचं आणि सौरवाऱ्याचं क्षेत्र अशा कोनात येतं की उणे बीझेडला जास्त वाव मिळतो. रसेल आणि मॅकफेरॉन या दोघांनी १९७३ मध्ये याचं कारण मांडलं.

---

डुनेडिनकर · बुधवार, पहाटे ५:५०

मूळचा डोंबिवलीचा, न्यूझीलंडला डुनेडिनमध्ये नऊ वर्षं. ऑरोरा किती वेळा बघितला याची मोजदाद नाही, पण किती वेळा ढगांनी पचका केला ते नीट आठवतं. काकू, सगळ्यात मोठा आकडा ढगांचा. निघायच्या आधी उपग्रहाचं चित्र बघायला सांगा. होबार्टला पश्चिमेकडून ढग येतात ते तासाभरात सगळं झाकून टाकतात.

काकांच्या मुद्द्यात अर्धं तथ्य आहे. मध्यम वादळात डोळ्यांना बहुधा राखाडीच दिसतं. क्षितिजाजवळ पांढुरक्या ढगाची कमान असावी तसं. अंधारात आपल्या डोळ्यांच्या रंग ओळखणाऱ्या पेशी काम करत नाहीत, फक्त उजेड-अंधार कळणाऱ्या करतात. म्हणून रंग नसतो असं नाही, आपल्याला तो दिसत नाही एवढंच. ११ मे २०२४ च्या रात्री मात्र इथे डोक्यावर गुलाबी आणि लाल नुसत्या डोळ्यांनी दिसत होतं. शेजारची ऐंशीची आजी ड्रेसिंग गाऊनमध्ये रस्त्यावर उभी होती. ते जी-५ होतं, ऑक्टोबर २००३ नंतरचं पहिलं. तेवढ्याची अपेक्षा या शुक्रवारी ठेवू नका.

ढग की ऑरोरा हे ओळखायची सोपी युक्ती: फोन दगडावर टेकवून नाइट मोडमध्ये पाच-दहा सेकंदांचा फोटो काढायचा. शहराच्या उजेडानं उजळलेला ढग तपकिरी-नारिंगी येतो. हिरवट किंवा गुलाबी झाक आली तर तोच. मोठा कॅमेरा असेल तर आयएसओ १६०० ते ३२००, लेन्स जितकी उघडी राहील तितकी, दहा-पंधरा सेकंद. फोकस हातानं एखाद्या ताऱ्यावर.

मुख्य म्हणजे धीर. ऑरोरा नळासारखा सलग चालू नसतो, झटके येतात. पंधरा-वीस मिनिटं खेळ, मग तासभर काहीच नाही, मग परत. आमच्या इथे हूपर्स इनलेटवर मी कितीदा बघितलंय, पहिला झटका ओसरला की निम्म्या गाड्या निघून जातात आणि खरा तमाशा त्यानंतर होतो.

होबार्ट निवडलं हे मात्र लेकीचं नशीब. ४३ अक्षांश म्हणजे तसं फार दक्षिणेला नाही. पण दक्षिण चुंबकीय ध्रुव भौगोलिक ध्रुवापासून ऑस्ट्रेलियाच्या बाजूला चांगलाच सरकलेला आहे, अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याबाहेर समुद्रात. चिलीतलं पुंता अरेनास ५३ अक्षांशावर, होबार्टपेक्षा दहा अंश दक्षिणेला, तरी तिथल्या लोकांना ऑरोरा क्वचितच दिसतो.

---

जनरेटरवाला · बुधवार, सकाळी ११:१५

मी कळव्याचा. अंटार्क्टिकात आपल्या मैत्री स्टेशनवर एक हिवाळा काढलाय, जनरेटर सांभाळायला होतो. शास्त्रातलं मला विचारू नका, थंडीतलं सांगतो.

बॅटरी. थंडीत बॅटरी झोपते. फोन आणि कॅमेऱ्याची जादा बॅटरी आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवायची. चाळीस टक्के दाखवणारा फोन एकदम बंद पडतो आणि गरम केला की परत चाळीस दाखवतो. कॅमेरा बाहेरून गाडीत किंवा घरात नेताना आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधायचं, मग आत न्यायचा. नाहीतर लेन्सवर आतून-बाहेरून दव धरतं आणि सुकायला रात्र जाते. टॉर्चला लाल जिलेटिन. पांढरा टॉर्च लावला की डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला पुन्हा वीस मिनिटं.

आम्हाला तिकडे ऑरोरा शोधावा लागत नसे. जूनमध्ये सूर्य उगवतच नाही, आणि आकाश साफ असलं की तो आपला डोक्यावर पडद्यासारखा हलत असायचा. पहिला आठवडा सगळे जेवण टाकून बाहेर धावायचे. दोन महिन्यांनी मी डिझेलचा पाइप तपासायला बाहेर पडायचो, वर बघायचो, "आहे" म्हणायचो आणि आत यायचो. आता कळव्यात गच्चीवर उभा राहिलो की त्याचं वाईट वाटतं.

हिरवा का आणि लाल का, हे आमच्या टीममधल्या एका शास्त्रज्ञानं मला जनरेटरच्या खोलीत बसून समजावलं होतं. दोन्ही रंग ऑक्सिजनचेच. हिरवा शंभर-दीडशे किलोमीटर उंचीवरचा, त्याला उजेड टाकायला सेकंदही लागत नाही. लाल प्रकाश टाकणाऱ्या अणूला मात्र जवळजवळ दोन मिनिटं कोणी धक्का मारता कामा नये. खाली हवा दाट, तिथे इतका वेळ धक्का न लागता राहणं म्हणजे दादरच्या पुलावर उभं राहून पोथी वाचण्यासारखं. म्हणून लाल फक्त वर, दोनशे किलोमीटरच्या पुढे, जिथे गर्दी नाही.

---

खारघर_दुर्बीण · बुधवार, रात्री १०:०५

जनरेटरवाले दादा, पुलाचं उदाहरण उचलतोय, पुढच्या वेळी शाळेत सांगीन.

त्यातच मावशींना कामाची गोष्ट आहे. लाल भाग उंच असल्यामुळे तो लांबून दिसतो. हिशेब केला तर ११० किलोमीटर उंचीवरचा हिरवा भाग साधारण १२०० किलोमीटर अंतरावर क्षितिजाखाली जातो, २५० किलोमीटर उंचीवरचा लाल १८०० किलोमीटरपर्यंत डोकं वर काढून असतो. म्हणून होबार्टहून बऱ्याचदा वर लाल-गुलाबी आणि खाली हिरव्याची बारीक किनार, असं दिसतं. समोर टेकडी नको, दक्षिणेला उघडा समुद्रच हवा, तो यासाठी.

आता येऊर. भावा, फॉरवर्ड खोटा आहे. दक्षिणेकडचा ऑरोरा ठाण्यातून दिसायचा तर पृथ्वी थोडी सपाट करावी लागेल. मे २०२४ मध्ये लडाखला हानलेहून लाल झाक टिपली गेली. ती उत्तरेकडची, साडेचार हजार मीटर उंचीवरून, गडद अंधारात आणि जी-५ वादळात. शुक्रवारी जी-२ आहे आणि आपल्यावर पावसाळी ढग.

पण "मुंबईतून कधीच नाही" असंही म्हणता येत नाही. ४ फेब्रुवारी १८७२ च्या वादळात मुंबईच्या आकाशात ऑरोरा दिसल्याची बातमी त्या वेळच्या टाइम्स ऑफ इंडियात आली होती. मुंबई-एडन समुद्री तारसुद्धा त्या रात्री काही तास बिघडली होती. दीडशे वर्षांत एकदा. बाइक तेवढी टिकली तर जा.

आणि हे सगळं मोजण्यात आपला भाग जगात जुना आहे हे किती ठाणेकरांना ठाऊक असेल? कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय नोंदी सुरू झाल्या. सप्टेंबर १८५९ चं कॅरिंग्टन वादळ, आजवर नोंदलेल्या सगळ्यात मोठ्या वादळांपैकी एक, त्यात कुलाब्याच्या उपकरणानं जवळपास १६०० नॅनोटेस्लाची घसरण टिपली. तेव्हा माणूस स्वतः वाचून वहीत आकडे लिहायचा. दीड शतकानंतर शास्त्रज्ञांनी त्या वादळाचा आकार ठरवायला याच नोंदी वापरल्या. पुढे मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार म्हटल्यावर सुया नाचायला लागतील म्हणून १९०४ मध्ये चुंबकीय वेधशाळा अलिबागला नेली. ती अजून चालू आहे. आणि हे काम बघणारी भारतीय भूचुंबकत्व संस्था आमच्याकडे, नवीन पनवेलला. तुम्ही कळंबोलीवरून पुण्याला जाता तेव्हा त्याच परिसरातून जाता, मिसळीचे फलक वाचत.

---

येऊर_रायडर · गुरुवार, सकाळी ९:२०

ओके सर, कॅन्सल. पण चौघांनी सुट्टी टाकलीय, चहा प्यायला तरी जाऊ.

---

तलावपाळी_५८ · शनिवार, सकाळी १०:३०

दिसला! आधी तेवढं लिहिते, बाकी चहा ठेवून येते.

आले. गुरुवारी काहीच नाही. बीझेड दिवसभर अधिक चार-पाच. पूर्वीची मी असते तर कोष्टकातला केपी बघून पोरींना पिटाळलं असतं. तुमच्यामुळे गप्प बसले.

शुक्रवारी सकाळपासून वडे, खीर, अळूवड्या, आमसुलाची चटणी. कावळा पहिल्याच हाकेला आला, सासूबाईंना माझी घाई कळली असणार. अडीचला शेवटची पंगत उठली. तीनला फोन घेऊन खिडकीपाशी बसले. बीझेड अधिक ६. सव्वातीन, तेच. चारला चहा, तरी अधिकच. नणंद आणि नंदोई हॉलमध्ये होते. चार पंचविसाला रेघ एकदम खाली आली आणि मी "पडलं!" असं ओरडले. नणंदेनं विचारलं, किती पडलं? म्हटलं उणे अकरा. ती म्हणाली, मग ठेवून कशाला घेतेस, विकून टाक. नंदोई घड्याळ बघत म्हणाले, बाजार तर साडेतीनला बंद झाला. त्यांना वाटतंय मी निवृत्तीचे पैसे कुठे तरी लावून बसलेय, आणि अजूनही तसंच वाटत असावं, कारण मी समजावलं तेव्हा दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

दहा मिनिटं थांबले. दहा मिनिटं इतकी लांब असतात हे क्लिअरिंगमध्ये शेवटची बॅग यायची राहिली की कळायचं, तसं झालं. रेघ तिथेच. वेग ५६०. चार पस्तीसला फोन केला, तिकडे नऊ पाच. लेक म्हणाली, नक्की? म्हटलं, नक्की काही नाही, पण कडी निघालीय. पोरी हाउरा नावाच्या भागातून निघाल्या. (हो, होबार्टमध्ये हाउरा आहे, आपल्या हावड्यावरून नाव ठेवलेलं. मला पहिल्यांदा पत्ता वाचून वाटलं पोर कलकत्त्याला गेली.)

मी त्रैराशिक मांडलं: ५६० नं १५ लाख म्हणजे पाऊण तास, म्हणजे आपल्याकडे पाच दहा. पोरी पोचल्या पाच वीसला. पाच चाळीसला फोन. "आई, राखाडी ढगासारखं काही तरी आहे, क्षितिजावर." म्हटलं फोन दगडावर ठेव आणि फोटो काढ. मग पलीकडून नुसती किंकाळी. खाली हिरवी पट्टी, वर गुलाबी. फोटो मला रात्री मिळाला, पण ती किंकाळी मी तिथल्या तिथे ऐकली.

पंधरा मिनिटांत ओसरलं. रूममेट गारठली होती, चल म्हणू लागली. इथे मला डुनेडिनकरांची आठवण झाली. बीझेड अजून उणे ९ ते १३ च्या मध्ये. मी सांगितलं, हलायचं नाही, गाडीत बसा, काचा थोड्या उघड्या ठेवा. आईनं सांगितलेलं सहसा ऐकत नाही, या वेळी ऐकलं. आपल्याकडे सहा पन्नासला, तिकडे अकरा वीसला, खांब उभे राहिले. फोन स्पीकरवर होता. मला वारा ऐकू येत होता आणि दोन मुली दोन भाषांत तेच तेच म्हणत होत्या. आमच्या ह्यांनी मागून येऊन म्हटलं, विचार तिला, रंग दिसतोय का. लेक म्हणाली, "बाबांना सांग, फिकट गुलाबी. डोळ्यांनी. कॅमेरा खिशात आहे." हे काही न बोलता दिवाबत्ती करायला गेले. मग बऱ्याच वेळानं म्हणाले, फिकटच ना.

केपीचा ६ पानावर उमटला साडेआठला. तोवर पोरी परतीच्या वाटेवर होत्या. पासबुक!

जनरेटरवाल्या भाऊंना खास: बॅटरी आतल्या खिशात ठेवली होती म्हणून दुसऱ्या वेळेला फोन जिवंत होता.

---

जनरेटरवाला · शनिवार, सकाळी ११:००

ताई, वाचून बरं वाटलं. काल संध्याकाळी मीपण गच्चीवर गेलो होतो, उगाचच.

---

येऊर_रायडर · शनिवार, सकाळी ११:४५

आम्ही उपवनला चहा आणि भजी खाऊन परत. ढग होते. फॉरवर्ड टाकणारा स्वतः आलाच नव्हता.

---

डुनेडिनकर · शनिवार, दुपारी १२:१०

अभिनंदन काकू! आमच्याकडे काल रात्रभर पाऊस. लेकीला सांगा, फोटो पाठवला नाही तरी चालेल.

---

खारघर_दुर्बीण · शनिवार, दुपारी १:३०

मावशी, छान सांभाळलंत. आता लगेच पुढची तारीख घ्या. या वेळच्या वादळामागे वायूच्या लोटाबरोबर सूर्यावरचं एक कोरोनल होलही होतं, तिथून वेगवान वारा बाहेर पडतो. सूर्याला आपल्या बाजूनं एक फेरी पुरी करायला साधारण २७ दिवस लागतात. होल टिकून राहिलं तर २७ दिवसांनी परत आपल्याकडे तोंड करून येईल. लोट नसेल, त्यामुळे जोर बहुधा कमी, पण नजर ठेवायला हरकत नाही. चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा, त्यामुळे तेव्हाही वद्य पक्षच असेल, अंधार मिळेल.

मात्र फ्रिजवरचा कागद बदला. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी टास्मानियाची घड्याळं एक तास पुढे जातात. युटीत दहा नाही, अकरा मिळवायचे.

---

तलावपाळी_५८ · शनिवार, दुपारी २:१५

कॅलेंडरवर मोजलं. वसुबारसेच्या पाच दिवस आधी येतंय. म्हणजे चकल्या. कागद आत्ताच बदलला, दहा खोडून अकरा लिहिले, खाली तारीख टाकून सही केली. बँकेची सवय, खाडाखोड केली की सही लागते.